उपजत मृत्यूंचा रकाना: असतो तेव्हा काय सांगतो आणि नसतो तेव्हा काय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. प्रबंधासाठी तुम्ही एकोणिसाव्या शतकातले इंग्लंड आणि फ्रान्सचे जन्म-मृत्यूचे तक्ते शेजारी शेजारी ठेवलेत. फ्रान्सच्या तक्त्यांत उपजत मृत बालकांचा वेगळा रकाना आहे. इंग्लंडच्या तक्त्यांत देवी, गोवर, डांग्या खोकला, क्षय, अगदी बुडून मेलेल्यांचाही हिशेब आहे, पण मृतावस्थेत जन्मलेल्या मुलांचा आकडा कुठेच नाही. तेव्हा तुम्ही विचारता की इंग्रजांनी एवढा हलगर्जीपणा कसा केला, आणि फ्रान्सचा दर इंग्लंडच्या जन्मांना लावून ही पोकळी भरली तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: चालणार नाही. का, ते समजलं की पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

माझं बरंचसं काम जुन्या जन्म-मृत्यू नोंदींवरच चालतं. तिथे पहिल्यांदा पाहायचं ते हे की उपजत मृत्यूचा आकडा तीन ठिकाणी कापलेला असतो. पहिला काप गर्भाच्या वयाचा. किती आठवड्यांपर्यंत गर्भपात म्हणायचं आणि कुठून पुढे उपजत मृत्यू? दुसरा काप जिवंतपणाच्या खुणेचा. श्वास घेतला तरच जिवंत, की नुसती नाळ उडत असली तरी जिवंत? हे दोन्ही वैद्यकीय काप सगळ्यांना माहीत असतात. तिसरा काप कारकुनी आहे आणि घोळ होतो तो तिथेच: मूल जन्मल्यापासून ते नोंदवहीसमोर येईपर्यंत किती वेळ गेला, आणि तेवढ्यात ते दगावलं तर त्याला कुठल्या वहीत टाकायचं? तुमच्या दोन देशांत सगळ्यांत मोठा फरक या तिसऱ्या कापाचा आहे.

फ्रान्सपासून सुरू करू, कारण तुम्हाला तिथला आकडा भरवशाचा वाटतोय. नेपोलियनच्या नागरी संहितेनुसार जन्माची खबर तीन दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची, आणि मूल त्याच्यासमोर हजर करायचं. आता समजा, मूल पहाटे जन्मलं, तासभर रडलं आणि दुपारी गेलं. दुसऱ्या दिवशी बाप ते घेऊन कचेरीत आला. अधिकाऱ्यानं काय लिहायचं? ४ जुलै १८०६च्या हुकमानं त्याला बजावलं की मूल जिवंत जन्मलं होतं की नाही यावर काहीही लिहू नकोस. ‘निर्जीव अवस्थेत हजर केलेलं मूल’ एवढंच लिही आणि नोंद मृत्यूच्या वहीत कर. वरवर पाहता हा विचित्रपणा वाटतो, पण त्यामागे पक्का हिशेब होता. तासभर जगलेलं मूल वारस ठरू शकतं आणि त्याच्या मागून मालमत्ता भलत्याच हाती जाऊ शकते. असा वाद कचेरीतल्या कारकुनानं एका ओळीत मिटवू नये, तो कोर्टात मिटावा, असा तो विचार. कायद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचाच. आकडेवारीचं मात्र त्यानं वाटोळं केलं, कारण तक्ते करणाऱ्यांनी पुढे या सगळ्या नोंदी ‘उपजत मृत’ म्हणून मोजल्या. शतकाच्या उत्तरार्धात तिथला दर हजारी चाळीसच्या वर दिसतो. त्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलेली, व्यवस्थित जिवंत जन्मलेली मुलंही आहेत. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं. ते त्यांना ‘खोटे उपजत मृत’ असंच म्हणत. बेल्जियम आणि नेदरलँड्सनी हीच संहिता घेतली, त्यामुळे त्यांचे तक्तेही याच रोगानं पछाडलेले आहेत.

स्पेन तर आणखी पुढे गेला. तिथल्या १८८९च्या नागरी संहितेच्या कलम ३०नुसार आईपासून पूर्ण वेगळं होऊन चोवीस तास जगलेलं मूलच कायद्यानं व्यक्ती. त्याआधी गेलेल्या मुलांच्या नोंदी गर्भपातांच्या बाडात जात. याचा परिणाम तिथल्या अर्भकमृत्यूच्या (वर्ष पुरं व्हायच्या आत गेलेल्या मुलांच्या) अधिकृत आकड्यांवर थेट १९७५पर्यंत राहिला. स्पेनचा जुना अर्भकमृत्यू दर पाहताना पहिला दिवस त्यात नाही, हे तक्त्यावरच लिहून ठेवत जा.

आणि कॅथलिक मुलुखांत याच्या नेमकी उलट ओढही होती. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या मुलाला पवित्र जमिनीत जागा नाही, म्हणून सुईणीला आणीबाणीत बाप्तिस्मा देण्याची मुभा होती. ओठ हलल्यासारखे वाटले, अंगात ऊब जाणवली, की ती पाणी शिंपडायची आणि मूल ‘जिवंत’ म्हणून पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, वहीत चढायचं. म्हणजे चर्चची वही वापरली तर काही उपजत मृत मुलं जिवंत ठरलेली, आणि सरकारी वही वापरली तर काही जिवंत मुलं उपजत मृत ठरलेली. एकाच गावाच्या दोन वह्या घेतल्या तरी हा फरक पडू शकतो. तुमच्या प्रबंधात कुठली वही कुठल्या वर्षांसाठी वापरलीय ते स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

आता इंग्लंड. तिथे नागरी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. ती आरोग्यासाठी होती असं आपण आज मागे वळून म्हणतो. मुख्य गरज होती वंश, वय आणि वारसा सिद्ध करण्याची, विशेषतः अँग्लिकन चर्चच्या वह्यांत ज्यांची नावं येत नव्हती अशा पंथांच्या लोकांना. उपजत मृत मुलाला नाव नाही, वारसा नाही, बाप्तिस्मा नाही. जन्माच्या वहीत त्याला घ्यावं तर ते जिवंत जन्मलेलं नाही, आणि मृत्यूच्या वहीत घ्यावं तर जे जगलंच नाही त्याचा मृत्यू कसला? दोन्ही वह्यांच्या फटीतून ते खाली गेलं. विल्यम फार १८३९पासून चाळीस वर्षं या खात्याचे तक्ते करत होते आणि मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण निबंधक जे पाठवतील त्याचेच तक्ते होणार. जी नोंद कायद्यानं मागितलीच नाही, ती विल्यम फार तरी कुठून आणणार? म्हणून ‘हलगर्जीपणा’ हा तुमचा शब्द मला पटत नाही.

गंमत म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी लंडनला हा आकडा होता. शहराच्या साप्ताहिक मृत्यू-याद्यांत ‘गर्भपात व उपजत मृत’ असा एक रकानाच असायचा. प्रेत पाहून कारण सांगायला प्रत्येक पॅरिशनं वयस्क बायका नेमलेल्या असत, त्यांच्या तोंडून ही माहिती यायची. जॉन ग्राँट यांनी १६६२मध्ये या याद्यांवर जे पुस्तक काढलं, त्यात १६३२चा वर्षभराचा गोषवारा आहे. एकूण दफनं ९,५३५, बाप्तिस्मे ९,५८४, आणि ‘गर्भपात व उपजत मृत’ ४४५. बाप्तिस्म्यांशी गुणोत्तर काढलं तर हजारी ४६ येतात. ग्राँट स्वतः ढोबळमानानं बाप्तिस्म्यांचा विसावा हिस्सा म्हणतात, ते याच्याशी जुळतं.

पण हा ४६ उचलून ‘सतराव्या शतकातला उपजत मृत्यू दर’ म्हणून छापू नका. रकान्यात गर्भपातही मिसळलेत, आणि किती महिन्यांचे ते कळत नाही. छेदात जन्म नाहीत, बाप्तिस्मे आहेत. बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं त्या ९,५८४मध्ये नाहीत. त्याच यादीत तान्ह्या मुलांचा वेगळा रकाना आहे, २,२६८चा, आणि त्यातली किती पहिल्याच दिवशी गेलेली होती हे सांगायला काही मार्ग नाही. मग हा आकडा कशाला उपयोगी? ग्राँट यांनीच एक उपयोग दाखवून ठेवलाय आणि तो मला फार आवडतो. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४०च्या दशकात, लंडनमधले बाप्तिस्मे एकाएकी घटलेले दिसतात. जन्म खरोखर कमी झाले का? त्यांनी पाहिलं की उपजत मृत आणि बाळंतपणात दगावलेल्या बायका यांचे आकडे तसे घटलेले नाहीत. मग जन्म तरी कसे घटतील? घटलं ते बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणं. म्हणजे ज्या रकान्यावर विसंबून दर काढता येत नाही, त्याच रकान्यावरून दुसऱ्या रकान्याची खोट पकडता येते. जुन्या आकड्यांशी वागायची ही रीत साडेतीनशे वर्षांनंतरही बदललेली नाही.

इंग्लंडमध्ये पुढे हा विषय परत आला तो आरोग्याच्या दारानं नव्हे, पोलिसांच्या. १६२४चा एक कायदा असा होता की अविवाहित आईनं मुलाचा मृत्यू लपवला तर तिनं खूनच केला असं धरायचं. मूल मेलेलंच जन्मलं हे सांगणारा निदान एक साक्षीदार तिनंच आणायचा. १८०३मध्ये तो रद्द झाला, पण संशय तसाच राहिला. कोर्टात मुलाचं फुफ्फुस पाण्यात तरंगतं का हे पाहण्याची चाचणी सतराव्या शतकापासून चालत आली होती आणि तिच्यावर भरवसा किती ठेवायचा याचा वादही तितकाच जुना. पुढे पैसे घेऊन तान्ही मुलं सांभाळायला ठेवणाऱ्या बायकांची प्रकरणं गाजली, १८७१मध्ये संसदेची समिती बसली, १८७२मध्ये कायदा आला. जिवंत जन्मलेलं मूल ‘उपजत मृत’ म्हणून गुपचूप पुरता येतं, ही भीती त्या सगळ्या चर्चेत आहे.

म्हणून १८७४च्या नोंदणी कायद्यात एक कलम आलं: जिवंत जन्मलेल्या मुलाला उपजत मृत म्हणून पुरणं हा गुन्हा, आणि डॉक्टरचा दाखला किंवा जबाबदार माणसाचं सहीचं निवेदन असल्याशिवाय दफनभूमीनं उपजत मृत मूल घ्यायचं नाही. नीट वाचा, कागद कुणाकडे जातोय? दफनभूमीच्या व्यवस्थापकाकडे. निबंधकाकडे नाही. नोंद सुरू झाली, पण ती लंडनच्या मुख्य कचेरीत कधी पोचलीच नाही.

तुमच्यासाठी हाच महत्त्वाचा धागा. या काळातल्या एखाद्या इंग्रजी शहराचा उपजत मृत्यूंचा अंदाज हवा असेल तर वार्षिक अहवाल बाजूला ठेवा आणि दफनभूमीच्या वह्या मागवा. त्यांत नावाच्या जागी ‘अमक्याचं उपजत मृत’ एवढंच असतं, वयाचा रकाना कोरा, दफनाची फी मोठ्यांपेक्षा कमी, आणि कबर बहुधा सामाईक. वाचताना दोन गोष्टींवर डोळा ठेवा. एक, त्याच तारखेला त्याच कबरीत कुणी मोठं माणूस पुरलंय का. फी वाचवायला मूल दुसऱ्याच्या पेटीत ठेवून देण्याचे प्रकार चालत, आणि असं मूल वहीत कधी चढतं, कधी नाही. दोन, आकडा एखाद्या वर्षी एकदम चढला किंवा पडला तर आधी दफनभूमीचे दर आणि नियम त्या वर्षी बदलले का ते पाहा. बाळंतपणाची परिस्थिती एका वर्षात पालटत नाही, फीचा तक्ता पालटतो. शिवाय १९०२च्या सुईण कायद्याआधी सुईणपणा कुणीही करू शकत असे, त्यामुळे त्या वेळच्या निवेदनांखालच्या सह्यांना किती वजन द्यायचं ते जपून ठरवा.

पुढचा प्रवास भराभर सांगते. १९०७च्या कायद्यानं जन्माची सूचना ३६ तासांत स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला देण्याची सोय झाली आणि त्यात २८ आठवड्यांनंतरची मृत जन्मलेली मुलंही आली. आधी तो ऐच्छिक होता, १९१५मध्ये सगळीकडे सक्तीचा झाला. म्हणून शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या अहवालात हा आकडा देशाच्या तक्त्याआधी सापडू शकतो. १९२६चा कायदा १ जुलै १९२७पासून लागू झाला आणि इंग्लंड-वेल्सला पहिल्यांदा उपजत मृत्यूंची अधिकृत नोंदवही मिळाली. १९२८मध्ये दर निघाला एकूण जन्मांमागे हजारी सुमारे ४०. स्कॉटलंडची नोंदणी वेगळी होती, ती १८५५मध्ये सुरू झाली आणि उपजत मृत्यू तिथे १९३९मध्ये आले. त्यामुळे सरसकट ‘ब्रिटन’ असं लिहू नका.

तर मूळ मुद्द्याकडे येऊ. फ्रान्सचा दर इंग्लंडला का चिकटवायचा नाही, हे एका काल्पनिक गावावरून पाहा. एक हजार बाळंतपणं झाली. ४० मुलं मृत जन्मली. १० मुलं जिवंत जन्मून पहिल्या दिवशीच, नोंदणीआधी गेली. आणखी १४० मुलं वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. इंग्रज पद्धतीनं जिवंत जन्म ९६०, अर्भकमृत्यू १५०, म्हणजे दर हजारी १५६. उपजत मृत्यूंचा रकाना नाही. फ्रेंच पद्धतीनं जिवंत जन्म ९५०, अर्भकमृत्यू १४०, दर हजारी १४७. उपजत मृत्यू ५०. गाव तेच, आया त्याच, मुलं तीच. पण फ्रेंच गावात अर्भकं जास्त जगतात असं तक्ता सांगतो. तुम्ही वर फ्रान्सचा ५० हा दर इंग्लंडला लावलात तर ती दहा मुलं दोनदा मरतात: एकदा इंग्लंडच्या अर्भकमृत्यूत आणि एकदा तुमच्या अंदाजात.

स्वीडनचं काय, असं पुढे विचाराल. तिथे १७४९पासून धर्मगुरूंकडून तक्ते भरून घेत आणि उपजत मृत्यूंचे आकडे १७५१पासून मिळतात. इतकी लांब मालिका दुसरीकडे सापडणं कठीण, त्यामुळे सगळे तिच्याकडेच धाव घेतात. मीही घेते. फक्त सुरुवातीच्या दशकांत दर वाढलेला दिसला की लगेच आयांची तब्येत बिघडली असं म्हणू नये. नोंद सुधारली तरीही दर वाढलेलाच दिसतो.

मग करायचं काय? ते तुमचा प्रबंध नेमकं काय विचारतोय यावर आहे. एकाच देशातला चढ-उतार पाहायचा असेल आणि त्या काळात कायदा बदलला नसेल, तर कच्चा आकडाही बऱ्यापैकी चालतो, कारण चूक दरवर्षी साधारण सारखीच असते. दोन देशांची पातळी ताडून पाहायची असेल तर उपजत मृत्यू एकटे कधीच घेऊ नका. ते आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची बेरीज करा आणि भागा एकूण जन्मांनी, मृत जन्म धरून. मूल सीमेच्या अलीकडे टाकलंय की पलीकडे, बेरजेत ते येतंच. पेरिनेटल (जन्माच्या आसपासचे) मृत्यू ही कल्पना १९४८मध्ये झिगिस्मुंड पेलर यांनी मांडली ती याच अडचणीतून वाट काढायला. अडचण एवढीच की जुन्या तक्त्यांत पहिला आठवडा वेगळा मिळेलच असं नाही, पुष्कळदा पहिला महिनाच मिळतो. तर महिना घ्या, पण दोन्ही देशांसाठी महिनाच.

इंग्लंडच्या बाबतीत बेरजेतला एक आकडाच नाही, तेव्हा तिथे आडून अंदाज घ्यावा लागतो. ‘अकाली जन्म’ आणि ‘जन्मतः अशक्तपणा’ या कारणांखालचे मृत्यू पाहा. ते एखाद्या जिल्ह्यात शेजारच्यापेक्षा फारच कमी असतील, तर तिथे पहिल्या तासांत गेलेली मुलं उपजत मृत म्हणून परस्पर पुरली जात असण्याची शक्यता मी आधी तपासते. दुसरी पद्धत झाँ बुर्ज्वा-पिशा यांची, १९५१ची: वर्षभरातले अर्भकमृत्यू वयानुसार एका विशिष्ट प्रमाणाच्या आलेखावर साठवत गेलं की पहिल्या महिन्यानंतरचे बिंदू बहुधा सरळ रेषेत येतात, ती रेषा मागे जन्मापर्यंत ओढली की जन्माशी निगडित मृत्यू किती ते ढोबळ कळतं. तो आकडा अशक्य वाटावा इतका खाली आला तर सुरुवातीचे मृत्यू वहीत आलेलेच नाहीत. प्रत्येक ठिकाणी ही रेषा सरळ येत नाही, उन्हाळ्यात जुलाबानं मुलं दगावणाऱ्या शहरांत तर ती हमखास वाकते. म्हणून मी ही पद्धत पुरावा म्हणून वापरत नाही, संशय घ्यायला वापरते.

राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्स) १९२५मध्ये २८ आठवडे आणि श्वास ही व्याख्या सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५०मध्ये जिवंतपणाच्या खुणांत हृदयाचे ठोके, नाळेची धडधड आणि स्नायूंची स्पष्ट हालचालही धरली. म्हणजे विसाव्या शतकातही काप हलतच राहिला. तुमची मालिका पुढे ओढणार असाल तर १ ऑक्टोबर १९९२ ही तारीख लिहून ठेवा: त्या दिवसापासून इंग्लंडमध्ये सीमा २८वरून २४ आठवड्यांवर आली आणि आलेखात पायरी दिसते.

शेवटी तुमच्या तक्त्याबद्दल. इंग्लंडच्या १८३७ ते १९२७च्या ओळींत तुम्ही उपजत मृत्यूंच्या जागी शून्य भरलंय. ते काढा आणि आडवी रेघ घाला. संगणकाच्या तक्त्यात शून्य ठेवलं तर सरासरी काढताना ते आपोआप धरलं जातं आणि इंग्लंडचा दर खाली ओढला जातो. फ्रान्सच्या रकान्याचं शीर्षकही बदला, ‘निर्जीव अवस्थेत हजर केलेली मुलं’ असं लिहा, आणि कोणतं शहर घेताय ते ठरलं की मला कळवा. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचे १९०७नंतरचे अहवाल आधी काढायचे की दफनभूमीच्या वह्या, ते त्यावरून ठरेल.